गरुडगाडीची खोळ

श्री. चार चाके जमिनीवर आणि पाचवे पाठीशी बांधलेले, अशा एका वाहनाची ही हकिकत. सांगणाऱ्याने पदरचे थोडेच घातले आहे, ऐकणाऱ्याने तेवढेही घालू नये. शके अठराशे पन्नास, विभवनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्य म्हणावे तर चौदा गावे आणि अर्धा घाट. उरलेला अर्धा घाट शेजारच्या सरकारांचा, आणि त्या सरकारांनी त्या साली हत्ती आणविला. हत्ती रोज सकाळी घाटमाथ्यावर येऊन उभा राहत असे आणि आमच्या बाजूस पाठ करून जे काही करावयाचे ते करीत असे. थोरले सरकार गच्चीवरून पाहत. तीन महिने पाहिले, आणि मग मर्जी खप्पा होऊन विलायतेस पत्र रवाना केले, की तुमच्या नामांकित कारखान्यातील सर्वांत लांब, सर्वांत जड आणि सर्वांत महाग मोटार पाठवून द्यावी. तीवर काही पक्षी वगैरे असल्यास उत्तम. मग आठ महिन्यांनी जहाजातून पेटी उतरली, आणि पेटीतून गाडी उतरली. काळी कुळकुळीत, आत तांबड्या चामड्याच्या गाद्या, मागे बसणाराने पुढच्याशी बोलावे म्हणून एक नळी, हॉर्नला रबराचा फुगा, आणि नाकावर, म्हणजे जिथे पाणी घालतात त्या टोपणावर, पंख पसरलेला चांदीचा गरुड. सर्व आले, परंतु तेल मागवावयाचे राहिले होते. पेट्रोल नावाची वस्तू चौदा गावांत कोणी पाहिली नव्हती. मुहूर्त तर काढलेला. मग सहा बैल जुंपले आणि थोरले सरकार गाडीत विराजमान होऊन, नळीतून 'चला' ऐसी आज्ञा करून, बैलांच्या चालीने घाटमाथ्यावर गेले आणि हत्तीसमोर फुगा दाबविला. हत्ती माघारी गेला तो पुन्हा त्या जागी आला नाही. राज्याच्या इतिहासात ही एक फत्ते.

आता गाडी हाकावी कोणी, हा पेच पडला. दिवाणजींनी सुचविले की शहरातून शिकलेला इसम आणावा. सरकारांनी मानले नाही. म्हणाले, आमच्या स्वारीचा लगाम आजवर पागेतील येसबा पोवाराच्या हाती, तो परक्याच्या हाती देणे नाही. येसबा पोवार बारगीर; त्याचा घोडा हिरा म्हणून, तो नुकताच म्हातारपणाने गेलेला, आणि येसबा खोगीर उशाशी घेऊन निजत असे. त्यास पंधरा दिवस शिकविले. त्याने सर्व मनापासून शिकून घेतले. हॅण्डल मारण्याआधी गाडीच्या कुशीवर थाप मारी, थांबल्यावर कपाळावरून हात फिरवी, उतारावर 'हळू रे राजा' म्हणे. मग चैत्रात सरकार घाट उतरून जत्रेस निघाले, आणि मारुतीच्या वळणावर गाडी पळत सुटली. तेव्हा येसबाने जे करावयाचे ते केले. पाय रिकिबीत रोवावे तसे दोन्ही पाय ताठ करून फळीवर रोवले, दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढले आणि 'हो, हो, हो' केले. ब्रेक म्हणून जो होता तो पायाच्या शेजारीच होता, परंतु घोड्याला तो नसतो. चाक काही छातीशी आले नाही. गाडी मात्र वळली, मारुतीच्या पारावर पुढची दोन चाके चढली आणि देवापासून हातभर अंतरावर उभी राहिली. पलीकडे दरी. दिवाणजींची पगडी तेवढी दरीत गेली, ती आजतागायत आली नाही.

सरकार खाली उतरले आणि पारावर लोटांगण घातले. सर्वांस वाटले, आता पोवाराची गर्दन राहत नाही. परंतु सरकारांनी विचार केला आणि निवाडा केला, की नाकावरील गरुडाने मारुतीस ओळखले आणि थांबला, येसबाने त्यास थांबू दिले, दोघांचीही चूक नाही. सबब, दर खंडेनवमीस शस्त्रांबरोबर गाडीची पूजा व्हावी, गरुडास मारुतीचा शेंदूर तेलात कालवून चढवावा, तो पोवारांच्याच हाताने चढवावा, आणि एकदा चढलेला शेंदूर कोणी हाताने खरवडू नये. देव आपण होऊन खोळ, म्हणजे साचलेल्या शेंदराचे कवच, सोडील तेव्हा सोडील. ऐसी मोहोर जाहली. तेव्हापासून दरसाल एक हात चढत गेला, गरुडाचे पंख आधी बुजले, मग चोच बुजली, मग मान. गावात त्यास 'बाबा' म्हणू लागले. नव्या नवऱ्या पाया पडून जात. इंजिनात पाणी घालावयाचे झाले तर टोपण बाबासकट फिरवावे लागे. तेव्हा पोवार 'बाबा, जरा फिरा' म्हणून परवानगी घेत असे.

शके अठराशे सत्तर, सर्वधारीनाम संवत्सरी, राज्ये बुडाली. थोर काय, धाकटी काय, सर्वच एका कागदात बुडाली. आमच्या राज्यास त्या कागदात अर्धी ओळ मिळाली. नव्या राज्याची कारभारी मंडळी यादी करावयास येणार, ऐसे वर्तमान आले. यादीत चांदी वेगळी काढतात, हे येसबाच्या कानी पडले. मग एके दिवशी भर दुपारी, वाडा वामकुक्षी घेत असता, येसबाने गाडीखान्यात जाऊन स्वहस्ते खोळ फोडली. जे कोणी करू नये ते केले, आणि गरुड पिळून काढला, त्याच्या जागी आपल्या हिरा घोड्याची लोखंडी रिकीब तारेने टोपणास आवळून बसविली, आणि फोडलेला शेंदूर तेलात कुटून होता तसा गोळा वर थापला. गरुड खोगिराच्या आत कोंबून खोगीर शिवून टाकले. यादी करणारे आले, शेंदराचा गोळा पाहून हात जोडून गेले. गाडी सरकारांच्या खाजगीकडे राहिली. येसबाने मात्र त्या दिवसापासून खंडेनवमीचे अन्न सोडले. उपास का, हे कोणास सांगितले नाही. शके अठराशे एकूणनव्वदात अंथरुणास लागला तेव्हा मुलास जवळ बोलाविले, खोगिराकडे बोट केले, सर्व सांगितले, आणि म्हणाला, "वाड्यावरनं मागतील तेव्हा दे. आपणहून नेलास तर म्हणतील, इतकी वर्षं का ठेवलास?"

तो मुलगा सुभाना पोवार. ही बखर खरी त्याची. सुभानाने गाडी बापासारखीच सांभाळली, फक्त ब्रेक कुठे आहे ते त्यास पक्के ठाऊक होते. राज्य नाही, पागा नाही, पगार कधी आहे कधी नाही, तरी रोज सकाळी गाडीखान्याचे दार उघडावे, चामड्याला खोबरेल लावावे, उंदरांनी रात्री काय केले ते पाहावे आणि हॅण्डल दोनदा फिरवून ठेवावे, हा नेम. वर्षातून एकदा दसऱ्यास गाडी आपट्याच्या झाडापर्यंत कोसभर जाई आणि सोने लुटून माघारी येई. तेवढ्या कोसासाठी सुभाना वर्षभर जगत होता म्हटले तरी चालेल. त्याचा मुलगा रंगा एसटीत ड्रायव्हर, तो म्हणे, "आबा, त्या खटाऱ्याला आता सोडा." सुभाना म्हणे, "तुझ्या गाडीला लोक शिव्या देतात, माझ्या गाडीच्या पाया पडतात. सोडायचं कोणी?" आणि दर सकाळी त्यास वाटे की आज वाड्यावरून कोणी गरुड मागेल. कोणी मागितला नाही. एकतीस वर्षे मागितला नाही. थोरले सरकार गेले, धाकटे गेले, वाड्यावर धाकट्यांच्या वंशी एकट्या अक्कासाहेब उरल्या, त्याही विधवा, लेकी परगावी. त्या सुभानाहून दोन वर्षांनी लहान. त्यांनीही मागितला नाही.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सर, भाद्रपद. शहराहून नवलशेठ दुभाष आले. हे पारशी गृहस्थ, सत्तरीचे, अशा जुन्या गाड्यांचे मोठे शौकीन. अक्कासाहेबांनी स्वहस्ते पत्र घालून त्यांस बोलाविले होते आणि सुभानास ते शेठची गाडी दाराशी उभी राहिल्यावर कळले. शेठ आले ते इस्तरीच्या पांढऱ्या कपड्यांत, आणि आल्याबरोबर गाडीखाली आडवे झाले. तास दीड तास खालून फक्त बूट दिसत होते. मग बाहेर येऊन गादीचा वास घेतला, नळीत कान घातला, दारे उघडून मिटून आवाज ऐकला, अवजारांची पेटी काढून एकेक पाना मोजला. सातच्या सात निघाले. शेठच्या डोळ्यांत पाणी आले. सुभानास हसू येत होते, परंतु त्यास हेही दिसले की हा माणूस पाना उचलतो तो बाप मुलाचे बोट धरतो तसा. मग शेठ ओट्यावर बसून चहा घेता घेता म्हणाले की अशा गाड्या जगात पुष्कळ, परंतु ज्याने त्याने रंग नवा दिलेला, चामडे बदललेले, इंजिन भलत्याचेच. मेकप केलेली म्हातारी, हे त्यांचे शब्द. ही मात्र जन्मली तशी आहे. आपण घेतो ती पुरी गाडी घेतो, जन्मली तशी. एक स्क्रू परका निघाला तर नमस्कार करून माघारी जातो, कितीही आवडली तरी. ऐसे बोलून शेठ उठले आणि नाकावरील गोळ्याशी जाऊन उभे राहिले. "नी हे काय हाय, पोवार? ह्याच्या आत पक्षी असेल ना? कारखान्याच्या चोपडीत लिवलंय पक्षी. तेवढा दाखव, मी आजच घेतो."

सुभाना आतून निवांत झाला. का, तर हिशेब सोपा होता. शेंदूर हाताने खरवडता येत नाही, म्हणजे पक्षी दिसत नाही, म्हणजे शेठ घेत नाही. आणि खरवडलाच तर लोखंडी रिकीब निघते, म्हणजे परका स्क्रू निघतो, म्हणजे शेठ नमस्कार करून जातो. बापाची अब्रू जाते, एवढा फरक. कशाही रीतीने गाडी राहते. मग त्याने थोरल्या सरकारांची मोहोर सांगितली. शेठनी ऐकून घेतली, हसले नाहीत. म्हणाले की आमच्यातही अशा गोष्टी असतात; मग देवालाच विचारता येते का. तेव्हा अक्कासाहेब चिकाच्या पडद्याआडून म्हणाल्या, "कौल लावा."

कौल लावावा तो पोवारानेच. बाबाच्या उजव्या अंगास एक ओले फूल चिकटवायचे, डाव्या अंगास एक. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. सुभाना आंघोळ करून आला, तबकात दोन तांबडी फुले. आता फूल कसे लावले म्हणजे आधी पडते आणि किती दाबले म्हणजे संध्याकाळपर्यंत पडत नाही, हे सुभानास ठाऊक नव्हते म्हणणे खोटे होईल. गावातल्या कित्येक सोयरिकी त्याने अंगठ्याने जुळविल्या होत्या आणि कित्येक अंगठ्याने मोडल्या होत्या, आणि त्या सर्व सुखात नांदत होत्या. आजचा अंगठा तर घरचा होता. डावे फूल हलके लावावयाचे, मिनिटभरात खेळ संपला.

तो पुढे झाला तेवढ्यात अक्कासाहेब पडदा सारून बाहेर आल्या. त्या गाडीखान्यात फार वर्षांनी येत होत्या. मागच्या गादीवर हात ठेवला, आणि हाताला अंडे लागले. कोंबडीने घातलेले, अजून ऊन. अक्कासाहेबांनी ते उचलून सुभानाच्या तबकात ठेवले आणि हळू बोलल्या, की सुभाना, तुझ्या उजव्या डोळ्यात मोती पडला आहे, परवा हॅण्डल मारताना तू भिंतीस धरून उभा राहिलास, मी वरून पाहिले. तू आहेस तोवर वर्षाकाठी एखादे अंडे. तुझ्यामागे इथे खुराडे होईल. मला पैका नको आहे. मला हिच्यावर कोणाचा तरी हात फिरलेला हवा आहे. शेठ मोठे शहाणे, त्यांनी तोंड फिरवून विनाकारण एक टायर पाहावयास घेतले.

सुभाना तबक घेऊन उभा राहिला. फुले दोन, अंडे एक. गाडी ठेवावी तर अंगठा पुरे होता. आणि ठेवून काय ठेवले, ते तबकात ऊन ऊन दिसत होते. मग त्याने तबक गाडीच्या पायरीवर ठेवले आणि घरी गेला, भिंतीवरचे खोगीर खांद्यावर टाकून माघारी आला, आणि सर्वांसमोर कंबरेच्या चाकूने शिवण उसवून, घोड्याच्या केसांतून चांदीचा गरुड काढून अक्कासाहेबांच्या पायाशी ठेवला. काळा पडला होता, पण पंख शाबूत. मग बापाने काय केले ते सांगितले, खोळ फोडल्याचेही सांगितले, उपासाचेही सांगितले, आणि म्हणाला, "मागितला असतात तर पहिल्याच दिवशी दिला असता."

अक्कासाहेब गरुडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दुपारी मी निजले नव्हते, सुभाना. वरच्या खिडकीत होते. बारा वर्षांची." आणि सांगितले की आपण धावत जाऊन आजोबांस, थोरल्या सरकारांस, उठविले होते. सरकारांनी ऐकून घेतले आणि कुशीवर वळून सांगितले, की पोवाराला विचारायचे नाही. विचारले की तो चोर ठरतो, आणि आपण होऊन आणून दिले की तो पोवार. सबब वाड्यावर कोणी विचारले नाही. "पन्नास वर्षं वाट पाहिली मी. एकदा वाटलं, विसरलात."

"आम्ही तुमची पाहत होतो," सुभाना म्हणाला.

ऐसा हा पन्नास वर्षांचा मुक्काम. दोन घरे, मध्ये एक अंगण, एका घरी देणारा मागण्याची वाट पाहतो, दुसऱ्या घरी मागणारा देण्याची. आमच्या राज्यात लढाया फारशा झाल्या नाहीत, त्याचे कारण हेच असावे. दोन्ही पक्ष मानाने उभे राहत.

मग नवलशेठनी गरुड हातात घेतला, रुमालाने पुसला, खालचे आटे पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. खरा. जन्मल्या दिवसापासून हाच. गाडी पुरी जाहली. परंतु बसवावयाचा तर बाबा उतरला पाहिजे, आणि मोहोर तर मोडावयाची नाही. शेठ विचारात पडले, मग म्हणाले की देव खोळ सोडील तेव्हा बसवू. पक्षी गाडीच्या खणात ठेवू, गाडीतच आहे म्हणजे पुरी आहे. आणि एक अट त्यांनीच घातली, की खंडेनवमीस शेंदूर पोवाराच्याच हाताने, त्यासाठी दरसाल शहरी यावे. किंमत काय ठरली ते या बखरीत नाही. त्या सालचा दसरा आटोपल्यावर गाडी ट्रकवर चढविताना सुभानाने तिच्या कुशीवर थाप मारली आणि मागे पाहिले नाही. खोगीर मात्र त्याने अक्कासाहेबांकडे ठेवावयास दिले, ते त्यांनी परत पाठविले. म्हणाल्या, पोवाराचे पोवाराकडे असावे.

पुढे तीन वर्षे सुभाना एसटीने शहरी गेला, रंगाच्याच गाडीने, मांडीवर शेंदराची वाटी आणि तेलाची बाटली. शेठचा गाडीखाना काचेचा, आत तेरा गाड्या, सगळ्या झळझळीत. बघावयास येणारे शौकीन बाबासमोर थबकत आणि विचारीत की हे काय. शेठ सांगत, 'मेंटेनन्स'. सुभाना हात चढवी, जेवी, आणि परत निघताना प्रत्येक वेळी शेठ खण उघडून गरुड दाखवीत आणि विचारीत, "पोवार, ह्या साली सोडेल का?" सुभाना सांगे, "त्यांचं त्यांना ठाऊक."

चौथ्या वर्षी, शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानुनाम संवत्सरी, सुभानाचा दुसरा डोळाही गेला आणि गुडघेही गेले. खंडेनवमीचा दिवस. तो पडवीत खाटेवर पडून होता, हातावर शेंदूर नाही म्हणून हात कोठे ठेवावा हे सुचत नव्हते. रंगा म्हणाला की शेठनी निरोप पाठविला आहे, काळजी करू नका. सुभानाने तोंड भिंतीकडे केले. मग दहाच्या सुमारास घाटातून आवाज आला. रंगास काही ऐकू आले नाही. सुभाना उठून बसला, कान दिला, आणि बराच वेळ ऐकून नाराजीने बोलला, "मारुतीच्या वळणावर गिअर उशिरा टाकला. कोण बसलाय तो हाकायला?"

नवलशेठ बसले होते. चौऱ्याहत्तरी गाठलेली, पांढऱ्या कपड्यांवर धूळ, शहरापासून दीडशे मैल गाडी स्वतः चालवीत आणली. अंगणात उभी राहिली तेव्हा वाड्यावरून अक्कासाहेब कालवलेल्या शेंदराच्या वाटीचे तबक घेऊन पायी चालत आल्या, गाव गोळा जाहला. रंगाने बापास धरून गाडीच्या नाकाशी नेले. सुभानाने आधी कुशीवर थाप मारली. मग दोन्ही तळवे बाबावर ठेवले, जसे दरसाल ठेवीत असे, आणि बोटे जरा रोवली तोच आत कुठेतरी बारीक करकर झाली, आणि सबंध खोळ, चौपन्न वर्षांची, पाणी भरलेल्या नारळासारखी जड, दोन तुकडे होऊन त्याच्या ओंजळीत आली.  आत हिऱ्याची रिकीब. तेलात मुरून काळी चकचकीत, गंज नावास नाही.

मग रीतीप्रमाणे खोळ केळीच्या पानावर ठेवली, नदीत सोडावयास. आणि आता टोपण मोकळे जाहले. नवलशेठनी खणातून गरुड काढला, चार वर्षे रोज पुसलेला, उन्हात डोळा ठरेना. आणून सुभानाच्या हातात दिला. सुभानाने एका हाताने पंख चाचपले, दुसऱ्या हाताने रिकीब चाचपली, आणि गरुड माघारी पुढे करून म्हणाला, "शेठ, गाडी तुमची. पुरी करा. मी तार सोडवून देतो."

शेठनी गरुडाकडे पाहिले, मग रिकिबीकडे पाहिले, मग सुभानाचे पाय पाहिले, ते अंगणातल्या मातीत ताठ रोवलेले होते, दरीच्या कडेला रोवावे तसे.  शौकीन माणसाच्या जन्मात असे क्षण दोन-तीनच येतात म्हणतात, आणि बाकीचे काचेत ठेवलेले असतात. मग शेठ खाली वाकले, तबकातली वाटी उचलून सुभानाच्या बोटांशी धरली.

"शेंदूर घट्ट होतोय, पोवार," म्हणाले. "लाव."

आणि सुभानाने रिकिबीवर पहिला हात चढविला.

एणेप्रमाणे गाडीची हकिकत. हत्ती गेला, राज्य गेले, पुढे यथाकाल सुभानाही गेला. हल्ली खंडेनवमीचा हात रंगा चढवितो, एसटीची रजा काढून. शौकिनांच्या मेळाव्यात गाडीस पहिला मान मिळत नाही, कारण चोपडीत लिहिल्यापैकी एक वस्तू तिच्या नाकावर नाही. शेठ विचारणाऱ्यास सांगतात की गाडी पुरी आहे. गरुड शेठच्याच मर्जीने पोवारांच्या घरी, भिंतीवरील खोगिरात पुन्हा शिवून ठेविला आहे. मागितल्यास मिळेल. कोणी मागत नाही. बहुत काय लिहिणे.